काका नसताना दिलेलं औषध

बारावी झाली त्या वर्षी मी सुरतेत डिंडोलीच्या रस्त्यावरच्या एका मेडिकल स्टोअरमध्ये कामाला लागले. आमचं घर लिंबायतला, दोन खोल्यांचं. वडील पावरलूमवर. वीस-बावीस वर्षं मागांच्या खटखटाटात उभं राहून त्यांचे कान गेले होते, त्यामुळे आमच्या घरात सगळेच ओरडून बोलत. आईने भाजीत मीठ कमी आहे का विचारलं तरी शेजारच्या दोन घरांना कळायचं. पहिल्या दिवशी मी दुकानात एका बाईला तशाच आवाजात विचारलं, "काय पाहिजे मावशी?" ती दचकलीच. दुकानाचे मालक आतून बाहेर आले आणि हसून म्हणाले, "बेटा, धीमे. आ दवानी दुकान छे, इथे माणसं आजारी येतात."

त्यांना सगळे काका म्हणत, मीही म्हणू लागले. साठीच्या आसपासचे, बारीक, पांढरा हाफ शर्ट आणि खिशाला दोन पेनं. ते मूळचे सुरतचेच, घरी गुजराती बोलायचे. पण तीस वर्षं खान्देशातून आलेल्या गिऱ्हाइकांना औषधं देऊन देऊन त्यांची एक वेगळीच मराठी तयार झाली होती. त्यात अर्धी अहिराणी होती, पाव गुजराती आणि उरलेली त्यांची स्वतःची. "तुले ताप कव्हापासून शे?" असं ते विचारत आणि पुढच्या वाक्यात "जो बेन", बघ ताई, म्हणून समजावायला लागत. कुणाला त्याचं नवल वाटत नसे.

मी फार्मसी शिकले नव्हते. काका शिकलेले होते, त्यांचं सर्टिफिकेट काचेच्या फ्रेममध्ये देवाच्या फोटोशेजारी टांगलेलं होतं. माझं काम खोकी लावायचं, फडताळं पुसायचं, काका सांगतील ती बाटली काढून द्यायचं. पण ते गप्प बसून काम करवून घेणारे नव्हते. प्रत्येक गिऱ्हाईक गेल्यावर ते मला सांगत, हे का दिलं, ते का दिलं नाही.

थंडी पडली की दुकानात लहान पोरांच्या सर्दी-खोकल्याचीच गर्दी. तसंही आमच्या भागात हवेत सुताचे तंतू असायचेच, त्यात थंडी आणि उत्तरायणच्या, म्हणजे संक्रांतीच्या, पतंगांसाठी दिवसभर गच्चीवर नाचणारी पोरं. बाया यायच्या आणि औषध रंगाने मागायच्या. लाल वालं द्या. ते हिरवं, मागच्या वेळी दिलं होतं ते. कुणी म्हणायची, मोठ्याची बाटली अर्धी शिल्लक आहे, तीच धाकट्याला चालेल ना? कुणी विचारायची, ह्यांची सर्दीची गोळी आहे घरात, तिचा चतुर्थांश केला तर?

काका काहीही देण्याआधी एकच प्रश्न विचारायचे. "छोकरुं केवडुं छे?" मूल केवढं आहे?

चार वर्षांच्या आतलं असलं की सर्दी-खोकल्याचं सिरप ते देत नसत. डॉक्टरची चिठ्ठी आणा म्हणायचे. आता खोक्यावरच छापून येतं, चार वर्षांखालील मुलांना देऊ नये. तेव्हा आमच्याकडच्या बऱ्याच बाटल्यांवर तसं काही नसायचं. काकांनी ते कुठे वाचलं, कुणाकडून शिकले, मी कधी विचारलं नाही. बाया चिडायच्या. "पुढच्या दुकानात देतात की!" काका शांतपणे म्हणत, "देत असतील बेन. माझ्याकडून नाही जाणार."

एकदा एक बाप आला. तापाचं सिरप आणि सर्दीचं सिरप अशा दोन्ही बाटल्या मागत होता, सहा वर्षांच्या मुलीसाठी. काकांनी दोन्ही बाटल्या काउंटरवर ठेवल्या, त्याचं बोट धरलं आणि दोन्ही लेबलांवर एकाच शब्दाखाली टेकवलं. पॅरासिटामॉल. "हे यात पण आहे, त्यात पण आहे. तू समजशील दोन औषधं दिली. पोरीच्या पोटात एकच औषध डबल जाईल." त्या माणसाने एक बाटली परत केली आणि जाताना मलाच म्हणाला, "आम्हाला कोण सांगतं हे?" ते दृश्य माझ्या डोक्यात पक्कं बसलं. मला वाटायला लागलं, मला आता सगळं कळतं.

काकांचा एक नियम होता. ते दुकानात नसले की मी फक्त साबण, पावडर, कापूस, जुलाबाच्या मीठ-साखरेच्या पुड्या असलं द्यायचं. औषधाला हात लावायचा नाही. गिऱ्हाइकाला सांगायचं, अर्ध्या तासात काका येतील, बसा किंवा परत या. तसे ते क्वचितच जात. जेवणाचा डबाही दुकानातच खायचे.

जानेवारीतल्या एका दुपारी त्यांच्या मुलीच्या सासरकडची माणसं घरी आली होती, म्हणून ते तासाभरासाठी गेले. शटर अर्धं खाली ओढून गेले. मी आत बसून खोकी लावत होते. दीडेक वाजला असेल. शटरखालून एक बाई वाकून आत आली. माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठी असेल. काखेत साड्यांचं मोठं गाठोडं, दुसऱ्या हाताला पाचेक वर्षांचा मुलगा, अंगात शाळेचा मरून स्वेटर. बाहेर रिक्षा थांबलेली. मुलगा असा खोकत होता की प्रत्येक उबळीला त्याचे खांदे उडत होते.

"खोकलानी दवा दी दे ना बहीण," ती म्हणाली. "ती लाल वाली. गोड ऱ्हास ती."

मी सांगितलं, काका नाहीत, अर्धा तास थांबा.

"रिक्षा थांबेल शे. तीन दिन व्हयनात, घरमा कोनले झोप नही. दूध पेतांना बी खोकलस." तिचा आवाज रडवेला झाला होता. गाठोडं काउंटरवर टेकवताना मी तिची बोटं पाहिली. सगळ्या बोटांना फेविकॉलसारखा वाळलेला गोंद आणि त्यात अडकलेले साडीवर लावायचे चमकते खडे. आमच्या गल्लीतही कितीतरी बाया घरी बसून तेच काम करायच्या. माझी आईही काही वर्षं करत होती.

रिक्षावाल्याने हॉर्न दिला. मुलगा पुन्हा खोकला. मी त्याच्याकडे पाहिलं. पाच वर्षांचा तर आहे, चारच्या वर आहे, काका असते तरी दिलं असतं, असं मनात म्हटलं आणि फडताळावरची लाल बाटली काढून दिली. वर शहाणपणाने सांगितलंही, "एक-एक चमचा, दिवसातून तीनदा." ती "देव तुनं भलं करो" म्हणत शटरखालून निघून गेली. मला फार बरं वाटलं. खरं सांगायचं तर त्या दुपारी मला आपण दुकान चालवतोय असं वाटलं.

काका दोनच्या सुमाराला आले. मी लगेच सांगून टाकलं. लपवण्यासारखं काही आहे असं माझ्या मनातच नव्हतं. उलट त्यांनी शाबासकी द्यावी अशीच अपेक्षा होती.

"नियम मोडलास," ते म्हणाले, पण फार रागावले नाहीत. "छोकरुं केवडुं हतुं?"

"पाच वर्षांचा असेल. समोरच उभा होता, खोकत होता."

"तू विचारलंस, की पाहिलंस?"

"पाहिलं. काका, बिचारी तीन दिवस झोपली नव्हती. म्हणाली, दूध पिताना पण खोकतो..."

वाक्य माझ्या तोंडातच थांबलं. पाच वर्षांचा मुलगा. आमच्या वस्तीत पाच वर्षांच्या पोराला कोण पेलाभर दूध देतं? त्याला चहा-पोळी. दूध पिताना खोकतो, असं आई म्हणते ते अंगावरच्या बाळाबद्दल. खोकला घरात एकाला झाला की सगळ्यांना होतो. मोठा तर फक्त आईचा हात धरून आला होता, धाकटं घरी कुणाजवळ तरी असणार.

काकांना माझ्याआधीच कळलं होतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "कुठे राहते?"

"माहीत नाही."

"नाव?"

"नाही विचारलं."

"रिक्षा कोणत्या बाजूला गेली?"

तेवढं मी पाहिलं होतं. नवागामच्या बाजूला. आणि साड्यांचं गाठोडं, बोटांना खडे. हे सांगताच काकांनी मान हलवली. नवागाममध्ये साड्यांना खडे लावायचं काम घरोघरी वाटणारी एक बाई त्यांच्या ओळखीची होती, तिच्या गुडघ्याचं औषध आमच्याकडूनच जायचं. त्यांनी शटर पूर्ण खाली ओढलं. भर दुपारी ते दुकान बंद झालेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. शेजारचा फरसाणवाला विचारत राहिला, "काका, शुं थयुं?" त्यांनी स्कूटर सुरू केली आणि मला म्हणाले, "बस."

त्या वाटेचं मला काही नीट आठवत नाही. पोंकच्या, म्हणजे कोवळ्या ज्वारीच्या हुरड्याच्या, हातगाड्या लागल्या होत्या आणि त्यातली एक आम्ही जवळजवळ उलटवलीच, एवढं आठवतं. काका एरवी सायकलच्या वेगाने स्कूटर चालवायचे. मी मागे बसून स्वतःशीच म्हणत होते, अजून दिलं नसेल. जेवण झाल्यावर देईल. आधी मोठ्यालाच देईल.

काम वाटणारी बाई घरी होती. दारातच साड्यांची थप्पी. काकांनी विचारलं, आज दुपारी गाठोडं घेऊन कोण गेली, मरून स्वेटरचा मुलगा असलेली? ती आठवत बसली. तीन-चार जणी गेल्या होत्या. मी मध्येच ओरडले, आमच्या घरी ओरडायचो तशी, "तिला अंगावर पिणारं बाळ आहे! खोकतंय!" तेव्हा तिच्या लक्षात आलं. "हां, ती धुळ्याकडची. पाण्याच्या टाकीच्या मागे, शेवटची चाळ. काय झालं?"

चाळीत स्कूटर जाईना, म्हणून ती टाकीजवळ सोडून पळत गेलो. म्हणजे मी पळाले, काका मागून धापा टाकत आले. मी प्रत्येक दारात विचारत होते. चौथ्या की पाचव्या दारात ती दिसली. जमिनीवर लाकडी चौकट ठेवून तिच्यावर साडी ताणलेली, आणि ती खाली मान घालून एकेक खडा चिकटवत होती. मोठा मुलगा दारात बसून पतंगाची शेपटी करत होता. आत दोरीला बांधलेल्या झोळीत काहीतरी छोटंसं होतं, हलत नव्हतं.

मला पाहून ती ओठांवर बोट ठेवून हसली. "आत्तेच डोया लागना त्याना," ती हळूच म्हणाली. "तुनी दवा भारी शे, बहीण."

काका दाराला टेकून उभे राहिले. श्वास लागला होता तरी त्यांनी आवाज शांत ठेवला. "बेन, बाळ केवढं आहे?"

"नऊ महिन्यानं."

"त्याला किती दिलं?"

तिने चुलीजवळचा चमचा दाखवला. पोहे खायचा, मोठा. एक चमचा दिला, त्यातलं बरंचसं त्याने बाहेर काढलं, म्हणून आणखी एक दिला. पाऊण तास झाला असेल.

"उठव त्याला," काका म्हणाले.

"नका ना. तीन दिननी झोप शे त्यानी."

"बेन, ही झोप औषधाची आहे. उठव. माझ्याकडे नको, त्याच्याकडे बघ. तो नीट उठला तर मी माफी मागून परत जाईन."

तिने बाळाला उचललं. त्याची मान तिच्या दंडावरून कलंडली. तिने गालाला हात लावला, नावाने हाक मारली, पायाच्या तळव्याला चिमटा काढला. त्याने डोळे अर्धे उघडले, कण्हल्यासारखं केलं आणि पुन्हा मिटले. तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी आजही विसरलेले नाही. तिने बाळाकडे पाहिलं, मग बाटलीकडे, मग माझ्याकडे.

"चूक माझ्या दुकानाची आहे," काका म्हणाले. "आता बोलायला वेळ नाही. बाटली घे, तोच चमचा घे, चल."

मोठ्याला शेजारणीकडे सोपवलं. रिक्षा मीच पळत जाऊन आणली. काकांनी त्यांची स्कूटर तिथेच सोडली. मुलांच्या डॉक्टरीण बाईंचा दवाखाना डिंडोलीलाच होता. रिक्षात काका तिला सारखं सांगत होते, त्याला झोपू देऊ नकोस, बोलत राहा, त्याचं पोट वर-खाली होतंय ना बघत राहा. ती बोलत होती. अहिराणीत, एकाच सुरात, काहीबाही. मामाच्या गावाचं, बैलांचं, पतंगाचं. मी समोरच्या आडव्या फळीवर बसले होते आणि माझे हात मांडीखाली दाबून धरले होते.

डॉक्टरीण बाईंनी आम्हाला रांगेतून थेट आत घेतलं. बाळाला तपासता तपासताच विचारलं, कोणतं औषध, किती, कधी, कोणत्या चमच्याने. चमचा पाहिल्यावर त्यांनी त्यात पाणी भरलं आणि सुई नसलेल्या सिरिंजने ते मोजलं. बाटलीच्या झाकणावर पाच मिलीची खूण असते, त्याच्या जवळजवळ दुप्पट पाणी त्या चमच्यात मावलं. मी पाहत होते. 'एक-एक चमचा' असं मी किती सहज म्हटलं होतं.

"घाबरू नका," त्या म्हणाल्या. "श्वास ठीक आहे. पण तो नीट जागा होईपर्यंत मी त्याला घरी सोडणार नाही, इथेच ठेवू. गरज वाटली तर मोठ्या दवाखान्यात पाठवेन." त्यांनी बाळाच्या बोटाला एक छोटा चिमटा लावला, ज्यावर आकडे दिसत होते, आणि नर्सला शेजारी बसवलं.

बाहेरच्या बाकावर काका बसले. आतल्या खाटेशी ती बसली, आणि मी भिंतीला टेकून उभी. मग तिने माझ्याकडे न बघताच विचारलं,

"तू मले इचारं का नही?"

एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी काय सांगणार? रिक्षा थांबली होती, हे सांगणार? तू घाईत होतीस, हे सांगणार? मी म्हटलं, "चुकलं." तिच्या बोटांवरचे खडे बाळाच्या झबल्याला लागले होते, ते ती एकेक करून काढत बसली.

बाहेर ऊन उतरायला लागलं तेव्हा बाळ चुळबुळायला लागलं. आधी एक पाय हलला. मग ते खोकलं. मग त्याने डोळे उघडले, अनोळखी छत पाहिलं, नर्सचा चेहरा पाहिला आणि असं भोकाड पसरलं की बाहेरच्या बाकावरून काका उठून आत आले. डॉक्टरीण बाई हसल्या. "हा आवाज मला हवा होता," त्या म्हणाल्या. आईने त्याला पदराखाली घेतलं. तो प्यायला, मध्येच थांबून खोकला, पुन्हा प्यायला. ती रडत होती आणि हसतही होती, आणि मी भिंतीकडे तोंड केलं.

निघण्याआधी डॉक्टरीण बाईंनी तिला समोर बसवून समजावलं. या वयाच्या बाळाला खोकल्याचं सिरप द्यायचंच नाही. त्याने सर्दी बरी होत नाही, बाळ नुसतं गुंगतं. सर्दी आठ-दहा दिवसांत आपोआप जाते. नाक चोंदलं तर मिठाच्या पाण्याचे थेंब, अंगावरचं दूध थोडं थोडं पण पुन्हा पुन्हा, अंगात उबदार कपडे. मध चाटवू का, असं तिने विचारलं, तर वर्षाच्या आत मधही नाही. मग त्यांनी झबलं वर करून तिला दाखवलं. हे पोट बघ, आत्ता कसं हलतंय. श्वास याच्यापेक्षा फार जोरात चालला, बरगड्यांखाली खड्डा पडायला लागला, दूध सोडलं किंवा उठवूनही उठलं नाही, तर कुणाला विचारत बसू नको, सरळ निघून ये. ती प्रत्येक वाक्याला मान डोलावत होती. मीही डोलावत होते, जणू बाळ माझंच होतं.

त्यांना घरी सोडून आम्ही टाकीपाशी स्कूटर घ्यायला गेलो. मी म्हटलं, "काका, उद्यापासून येत नाही मी."

ते किल्ली लावत म्हणाले, "शटर अर्धं ठेवून मी गेलो. अर्धं शटर म्हणजे दुकान चालू. माझी पण चूक आहे." आणि थोडं थांबून, "तू मला सांगितलं नसतंस तर?"

तरीही मी दोन दिवस गेले नाही. घरी पडून राहिले. आईने विचारलं तेव्हा सगळं सांगितलं. आईने ते वडिलांना ओरडून सांगितलं, त्यामुळे ते चाळीलाही समजलं. तिसऱ्या दिवशी वडिलांची रात्रपाळी होती, म्हणून सकाळी मोकळे होते. मला उठवून म्हणाले, "चल." दुकानात जाऊन त्यांनी काकांना त्यांच्या त्या आवाजात विचारलं, "पोरगीले ठेवतस का काढतस?" रस्त्यावरची माणसं थांबून बघायला लागली. काका काहीतरी हळू बोलले, ते वडिलांना ऐकू गेलं नाही. शेवटी काकांनीही आवाज चढवला, "ठेवतो! ठेवतो!" आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच ते इतके मोठ्याने बोलले असतील. वडिलांनी मान हलवली, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि चहासुद्धा न घेता गेले.

त्यानंतर काका कुठे गेले की शटर पूर्ण खाली. मी बाहेर फरसाणवाल्याच्या स्टुलावर बसून राहायचे. कुणी कितीही घाईत असलं तरी.

आणि दुपारचा एक नवा क्रम सुरू झाला. डबा खाऊन झाला की काका आतल्या बाकावर आडवे व्हायचे आणि मी फडताळातली एक बाटली घेऊन तिच्यावरचं सगळं मोठ्याने वाचायचं. आत काय काय आहे, किती आहे, कुणाला द्यायचं नाही, उघडल्यावर किती दिवस ठेवायचं. इंग्रजीचे लांबलचक शब्द माझ्या जिभेवर येत नसत. क्लोरफेनिरामाइन हा शब्द मी पहिल्या आठवड्यात पाच प्रकारे म्हटला. काका डोळे मिटूनच दुरुस्त करायचे. कधी त्यांना झोप लागायची, आणि मी थांबले की जागे होऊन म्हणायचे, "हां, आगळ." पुढे वाच. बाजूच्या गल्लीत सात-आठ माग होते, त्यांचा ठेका सारखा ऐकू यायचा. रस्त्यावर कुणीतरी लसूण सोलत बसलेलं असायचं. मला ते शिकणं वाटतच नव्हतं तेव्हा. पण आज सुरतेतल्या त्या वर्षांतलं मला सगळ्यात जास्त काय आठवतं, तर त्या दुपारी.

होळीनंतर ती बाई आली. मी तिला लांबूनच ओळखलं. कडेवर बाळ होतं, चांगलं गुबगुबीत, डोक्याला टोपडं. तिने अंगाचा साबण मागितला. मी दिला. मग तिने कुणी न विचारताच काकांकडे बघून सांगितलं, "आक्रा महिन्यानं व्हयनं." काका बाळाशी गुजरातीत बोलले, ते त्यांचा चष्मा ओढायला लागलं. माझ्याकडे ती बघत नव्हती. पण जाताना, पिशवीत साबण ठेवता ठेवता म्हणाली, "चालू का, बहीण?" मी म्हटलं, "या." त्या एका 'बहीण'वर मी आठवडाभर जगले.

मी दुकानात सहा वर्षं होते. नंतर लग्न झालं, तेही डिंडोलीतच. मुलगी झाली. काकांनी दोनेक वर्षांनी दुकान विकलं आणि ते नवसारीला मुलीजवळ राहायला गेले. दुकानाच्या जागी आता दुसऱ्याच कुणाचं मेडिकल आहे, मोठं, काचेचं, थंड हवेचं. चांगलं असेल. मी सहसा जात नाही.

आमच्या सोसायटीत तीस-पस्तीस घरं आहेत. निम्मी खान्देशातली, बाकी कुठली कुठली. पोरं आपसांत गुजराती-हिंदी बोलतात, माझी मुलगीसुद्धा. अहिराणी ऐकली की हसते. कुणाचं मूल खोकायला लागलं की बाया माझ्याकडे बाटली घेऊन येतात. ताई, हे देऊ का? मी डॉक्टर नाही, हे आधी सांगते. मग बाटली हातात घेऊन वाचते, मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं. बऱ्याचदा वाचून झाल्यावर त्या स्वतःच म्हणतात, नको मग, दाखवूनच येते. एकीच्या घरी मोजायचं झाकण हरवलं होतं, तर तिच्या नवऱ्याला मी परत दुकानात पाठवलं. तो कुरकुरला, पण गेला.

मागच्या महिन्यात काकांना फोन केला होता. वर्षातून दोन-तीनदा करते. त्यांना आता कमी ऐकू येतं, त्यामुळे मला आमच्या जुन्या घरच्या आवाजात बोलावं लागतं आणि माझी मुलगी कानावर हात ठेवते. त्यांनी विचारलं, वडील कसे आहेत, फरसाणवाला आहे का अजून, मुलगी कितवीत गेली. मग स्वतःची तक्रार सुरू केली. त्यांना आठवडाभर खोकला आहे आणि त्यांची मुलगी त्यांना घड्याळ लावून औषध देते, एक मिनिट इकडे-तिकडे होऊ देत नाही. "झाकणात खुणेपर्यंत मोजून, बेटा! डोळ्यांसमोर धरून! मी म्हटलं, अगं, चाळीस वर्षं मी दवा विकली, मला काय शिकवतेस?"

"मग काय म्हणाली?"

"काय म्हणणार. म्हणाली, पप्पा, तोंड उघडा."

आम्ही दोघं हसलो. हसताना त्यांना उबळ आली आणि ती ओसरेपर्यंत मी फोन कानाला धरून बसले. मग मी त्यांना विचारलं, पोंक खाल्ला का यंदा. तेवढ्यात त्यांना मुलीने जेवायला बोलावलं, आणि ते "आवजो बेटा, आवजो" म्हणत राहिले, फोन ठेवायचं विसरून.